खांद्यावरचा प्रवास : डोली, हातरिक्षा आणि लाल गाडी

आजच्या व्याख्यानाला 'डोंगरावरच्या गावात फिरायचं कसं' असं साधं नाव दिलं असतं तरी चाललं असतं. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस बस आणि टॅक्सीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. येऊ दे. आम्ही आयुष्यभर वर्गात 'माणूस हे साध्य की साधन' हा प्रश्न फळ्यावर लिहिला. त्या प्रश्नाला पाय फुटलेले आम्ही पाहिले ते माथेरानला. म्हणून आज त्या पायांचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घ्यायला मिळावी म्हणून मुंबईचा चाकरमानी रजा काढून, रात्रभर उभ्याने प्रवास करून गावाला येतो. खांदा सोलवटला तरी तक्रार नाही, उलट मान. हा झाला एक खांदा. दुसरा खांदा पावसाळ्यात दिसतो. सड्यावरच्या, डोंगरातल्या एखाद्या वाडीत बाई अडली, म्हातारा पडला, तर बांबूला चादर बांधून डोली करायची आणि चिखलातून रस्त्यापर्यंत आणायचं. आजही दर पावसाळ्यात अशी बातमी आपण वाचतो. आणि तिसरा खांदा म्हणजे साहेबाची मंचील. वाटेतल्या गावांनी माणसं द्यायची, ओझी वाहायची, पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. मजुरी मिळाली तर मिळाली. याला वेठ म्हणत.

तीनही ठिकाणी शरीराला होणारं काम एकच. बांबू तोच, घाम तोच. मग पहिल्याला भक्ती, दुसऱ्याला माणुसकी आणि तिसऱ्याला जुलूम असं आपण का म्हणतो? आजचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

आता माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे डोंगर चढून वर गेले आणि मुंबईच्या गोऱ्या साहेबांना उन्हाळ्याची जागा सापडली. 'सापडली' हा शब्द त्यांचा. ठाकूर, कातकरी, धनगर त्या डोंगरात आधीपासून वावरत होतेच. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं, बंगले उठले. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत गेली, तेव्हा वाटेतलं नेरळ हे माथेरानचं दार झालं. पण नेरळ पायथ्याशी आणि माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर. मधला चढ कसा चढायचा? तट्टावर, नाहीतर माणसांच्या खांद्यावर.

मग आले आदमजी पीरभॉय. मुंबईतले मोठे उद्योगपती. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी डोंगरावर रेल्वे नेण्याचा ध्यास घेतला. १९०४ साली काम सुरू झालं आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी वर पोचली. रुळांतलं अंतर फक्त दोन फूट, लांबी सुमारे एकवीस किलोमीटर, नुसती वळणं. खर्च सोळा लाख रुपये, आणि तो पीरभॉय कुटुंबाने केला. एका मुंबईकर कुटुंबाने आपल्या पैशाने डोंगर चढवून दाखवला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. असो.

पण गाडी स्टेशनापर्यंतच नेते. स्टेशनापासून बंगल्यापर्यंत काय? इथे हातरिक्षा येते. हे वाहन मूळचं जपानचं. १८७० च्या आसपास तिथे सुरू झालं. नावच मुळी 'जिनरिकिशा', म्हणजे माणूस-बळ-गाडी. आपण त्यातला 'जिन' म्हणजे माणूस टाकून दिला आणि 'रिक्षा' तेवढी ठेवली, हे जरा बघण्यासारखं आहे, नाही का? १८८० च्या सुमारास ती सिमल्याला आली. तिथल्या चढावर एका रिक्षाला चार-चार माणसं लागत. कलकत्त्यात तर ती शहराची खूणच झाली. माथेरानला आली ती टिकली, कारण तिथे मोटार नव्हती.

मोटार का नव्हती? डोंगराची हवा बिघडू नये म्हणून. हा नियम चांगलाच आहे, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आजही गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडून मोटारवाहन आत जायचं नाही. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. ई-रिक्षा येण्याआधी पर्याय तीन होते : पायी चाला, घोड्यावर बसा, हातरिक्षेत बसा. २०१२ पासून अमन लॉजहून शटल गाडी सुरू झाली तो चौथा, पण ती स्टेशनापर्यंत. तुमचं हॉटेल दुसऱ्या टोकाला असलं तर पुन्हा तेच.

मित्रहो, आता थोडं आमचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सपत्नीक माथेरानला गेलो. सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, चालवत नव्हतं. घोड्याची त्यांना भीती. राहिली हातरिक्षा. वर्गात तीस वर्षं कांट शिकवलेला माणूस आपल्या बायकोला माणसाने ओढायच्या गाडीत बसवत होता. पुढे एक जण दांड्यांच्या मधे, मागे दोघे ढकलायला. लाल माती, आपल्या जांभ्याचीच बहीण ती, पावसाने खणून काढलेली. आम्ही बाजूने चालत होतो. चढावर पुढच्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. एका ठिकाणी राहवलं नाही. म्हटलं, "दादा, थांबू या का? आम्ही उतरून चालतो थोडं." तो म्हणाला, "काका, तुम्ही उतरलात तर काकूंचे पाय दुखतील. आणि सगळेच चालायला लागले तर आमची पाळी जाईल. बसू द्या त्यांना."

आम्ही गप्प बसलो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला गप्प बसवणं सोपं नसतं, हे आमचे विद्यार्थी सांगतील.

कांटने १७८५ साली जे लिहिलं त्याचा सारांश आपल्याला ठाऊक आहे : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, साध्य म्हणूनही माना. सगळा जीव त्या 'केवळ' या शब्दात आहे. कारण साधन म्हणून तर आपण एकमेकांना रोजच वापरतो. एस.टी.चा ड्रायव्हर आपलं साधन, आम्ही विद्यार्थ्यांच्या पदवीचं साधन. प्रश्न असा की रिक्षा ओढणारा 'केवळ' साधन कधी होतो? आम्हाला वाटतं, त्याच्यापुढे दुसरं काही नसतं तेव्हा. तो आमच्याशी गोड बोलला, पैसे ठरल्याप्रमाणे घेतले, जबरदस्ती कोणी केली नाही. तरी ही वेठ नव्हे, असं छातीवर हात ठेवून आम्हाला म्हणता येईना. आणि आम्ही रिक्षेत बसलोच नाही, पायी गेलो, म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाचली असंही म्हणता येईना. त्याची चूल विझवून आमचं मन स्वच्छ ठेवायचं, हा कुठला न्याय?

वाहनाचा आणि प्रतिष्ठेचा संबंध आपल्याकडे फार जुना आणि फार कडू आहे. आपल्या जिल्ह्याशी नातं असलेलं उदाहरण घेऊ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९०१ साली, लहान असताना, भावंडांबरोबर ते वडिलांना भेटायला निघाले. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे. पण जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बैलगाडीतून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, असं ठरलं. १९२९ साली चाळीसगावला पुन्हा तेच. आता ते बॅरिस्टर होते. तरी टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातला एक माणूस हाकायला बसवला. त्याला सवय नव्हती. अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांचं निरीक्षण असं की हलकं काम करणारा टांगेवालाही स्वतःला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा वरचा समजत होता.

म्हणजे बघा, वाहणारा नेहमी खालचा आणि बसणारा नेहमी वरचा, असंही आपल्याकडे सरळ नव्हतं. कोणी कोणाला वाहायचं आणि कोणाला नाकारायचं, हे जातीने ठरत होतं. म्हणून तिकीट लावून सगळ्यांना घेणारी गाडी ही नुसती सोय नव्हती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. १९५० च्या कायद्याने महामंडळाला पक्का पाया मिळाला. पुढे ती लाल गाडी आपल्या घाटातून वाडीवाडीला पोचली. आमच्या लहानपणी आंबा घाट म्हणजे लिंबू नाकाशी धरून पार करायची गोष्ट. अर्धी गाडी ओकत असे आणि कंडक्टर शांतपणे तिकिटं फाडत असे. पण त्या गाडीत भटजी, भंडारी, मुसलमान, महार एका बाकावर येत. मनातून सगळे मोकळे झाले होते असं आम्ही म्हणत नाही. अंग चोरून बसणारे आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. तरी कंडक्टर जात विचारत नव्हता, "कुठे जाणार?" एवढंच विचारत होता. हा प्रश्नातला बदल मोठा आहे.

त्याआधी कोकणी माणसाचा रस्ता समुद्रातून होता. आगबोट बंदराबाहेर उभी राही आणि पडावातून उतारू किनाऱ्याकडे येत. पाणी उथळ झालं की खलाशी बायकामुलांना खांद्यावर, पाठीवर घेऊन कोरड्या वाळूवर ठेवत. म्हणजे आपल्याही आज्या-पणज्या माणसाच्या पाठीवरूनच रत्नागिरीला उतरल्या आहेत. पावसाळ्यात बोट बंद. आणि जिवाची हमी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. सुरक्षितपणे घरी पोचणं हाही हक्क आहे, हे कोकणाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता जरा लांब जाऊ. मुलीकडे जर्मनीत गेलो होतो तेव्हा ती आम्हाला स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला घेऊन गेली. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याचं, बर्फावर घसरायला जगभरातून लोक येतात ते गाव. उंची सुमारे सोळाशे मीटर, म्हणजे माथेरानच्या दुप्पट. आणि तिथेही नियम अगदी माथेरानचाच! मोटारी पाच किलोमीटर अलीकडे टेश नावाच्या गावात ठेवायच्या आणि पुढे रेल्वेने जायचं. त्यांची रेल्वे १८९१ ची, आपली १९०७ ची. आम्हाला वाटलं, हे तर आपलं दस्तुरी नाकं. पण झरमॅट स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि फरक दिसला. चौकात खोक्यासारख्या चौकोनी विजेच्या टॅक्सी उभ्या. हॉटेलांच्या छोट्या विजेच्या गाड्या सामान न्यायला आलेल्या. विजेची बस बर्फातून आवाज न करता येते, इतकी की मागे वळून बघायला लागतं. खांद्यावर फळ्या आणि पायात ते जड बूट घालून ठकठक चालणारी पोरं बसमध्ये चढत होती. कोणी कोणाला ओढत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, ते गोरे लोक सुधारलेले, त्यांचं वेगळं. मित्रहो, हे खोटं आहे. आल्प्समध्येही प्रवाशांना खुर्चीत बसवून माणसं डोंगरावर वाहून नेत. रीगी नावाच्या डोंगरावर असे वाहक कितीतरी होते. १८७१ साली तिथे दातेरी रुळांची रेल्वे झाली, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, आणि त्यांचा धंदा ओसरला. म्हणजे खांदा त्यांच्याकडेही होता. त्यांनी तो यंत्रावर सोपवला.

आणि यंत्राला त्यांनी डोळे झाकून 'या' म्हटलं असंही नाही. दावोस आणि सेंट मॉरित्झ ज्या ग्राउब्युंडेन प्रांतात येतात, तिथे १९०० सालापासून मोटारींना सरसकट बंदी होती. बाहेरून मोटार आलीच तर इंजिन बंद करून घोड्यांकडून ओढून न्यावी लागे! पुनःपुन्हा मतदान झालं, लोक पुनःपुन्हा 'नको' म्हणाले. १९२५ साली कुठे परवानगी मिळाली. पंचवीस वर्षं त्या लोकांनी आपल्या रस्त्यावर काय चालावं याचा वाद घातला आणि मग ठरवलं. आम्हाला हेवा वाटतो तो बर्फाचा नव्हे, या वादाचा.

परत माथेरानला येऊ. मोटारबंदी दोन्हीकडे. एकीकडे तिची किंमत यंत्र आणि वीज यांनी चुकवली, दुसरीकडे माणसाच्या फुप्फुसाने. आपण झाडं जपली हे खरं, पण झाडं जपण्याचा खर्च कोणाच्या अंगावर टाकला? परवानाधारक हातरिक्षा ९४. त्यांच्यातल्याच काहींनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी वर्षानुवर्षं मागणी केली की आम्हाला ई-रिक्षा द्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली, वर्षअखेर पहिल्या गाड्या धावल्या. घोडेवाल्यांचा विरोध झाला. तोही पोटाचाच प्रश्न, त्याला हसू नये. रस्त्याला पेव्हर ब्लॉक लावावेत की नाहीत यावर वेगळा वाद. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला : ही प्रथा अमानवी आहे, सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करा, आणि पैसे नाहीत हे कारण सांगू नका.

या निकालातली शेवटची दोन वाक्यं आम्हाला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटतात. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारी बंद केली, ती १९५० साली. पण बंदी घालणं म्हणजे अर्धं काम. १९८० साली पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच ओळखलं होतं. 'जो चालवतो त्यालाच परवाना' हा कायदा चांगला, पण गाडी घ्यायला त्याच्याकडे पैसे कुठून येणार? म्हणून त्यांनी कर्जाची वाट आखून दिली. माथेरानला ई-रिक्षा आल्या आणि त्या कोणा बाहेरच्या ठेकेदाराच्या झाल्या, तर ज्याच्या छातीत तो श्वास भरला होता त्याला काय मिळालं? त्याची प्रतिष्ठा वाचवली म्हणायचं आणि पाळी काढून घ्यायची, असं होता कामा नये. तो आमच्याशी बोलला तेव्हा नेमकं हेच सांगत होता, आम्हाला ते उशिरा कळलं.

एक व्यवहाराची गोष्ट. आल्प्समधल्या कितीतरी गावांत पाहुण्याकडून मुक्कामाचा कर घेतात आणि बदल्यात त्याला गावच्या बसचा पास देतात. आपल्याकडे माथेरानला शिरतानाही नगरपालिका कर घेतेच. त्या पैशातून वाहन, ते चालवणारा जुना रिक्षावालाच, आणि पाहुण्याला ठरलेल्या दरात फेरी, हे जमण्यासारखं नाही असं आम्हाला वाटत नाही. फार मोठं तत्त्वज्ञान लागत नाही त्याला. हिशेब लागतो.

आणि हे फक्त माथेरानचं नाही. आपल्याकडे १९९८ पासून कोकण रेल्वे अखंड धावू लागली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा उंच पूल, सगळं आपल्याच तालुक्यात. केवढा अभिमान! पण पहाटे गाडीतून उतरलेल्या म्हातारीला स्टेशनापासून घरापर्यंत कसं जायचं हा प्रश्न आहेच. २०२१ च्या दिवाळीपासून पुढल्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला, तेव्हा वाड्यांवरच्या मुली शाळेत कशा गेल्या, पेशंट कसे आले, ते आठवा. त्या कर्मचाऱ्यांचंही दुखणं खरं होतं. लाल गाडी थांबली की डोली पुन्हा बाहेर निघते, एवढं मात्र त्या महिन्यांत दिसलं.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो आणि थांबतो. तीन खांद्यांत फरक काय? देवाची पालखी घेणारा आपण होऊन खांदा देतो आणि दमला की दुसरा पुढे होतो. आजाऱ्याची डोली वाहणाऱ्याला माहीत असतं की उद्या आपल्यावर वेळ आली तर हाच आजारी किंवा त्याचा मुलगा खांदा देईल. तिथे खांदे बदलतात. मंचिलीत आणि हातरिक्षेत ते बदलत नाहीत. बसणारा कधी ओढत नाही, ओढणारा कधी बसत नाही. आमच्या मते अन्याय इथे आहे, घामात नाही. बसचं मोठेपण यातच की तिच्यात ड्रायव्हरचा मुलगाही प्रवासी होतो आणि प्रवाशाचा मुलगाही ड्रायव्हर होऊ शकतो.

आम्ही आता पंचाहत्तरीला टेकलो. शासनाने २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. मोफत केली आहे, त्यामुळे लवकरच फुकट हिंडणार आहोत. माथेरानला पुन्हा जायचं ठरवलंय. सौभाग्यवतींचा गुडघा आता बरा आहे, तरी त्यांनी ई-रिक्षेत बसावं असं आमच्या मनात आहे. चालवणारा तोच भेटला, तर यावेळी त्याच्या शेजारी बसून विचारू : "काय दादा, गाडी कोणाच्या नावावर आहे?"

त्याचं उत्तर काय येतं यावर आजच्या व्याख्यानाचा शेवट अवलंबून आहे.